विचारल्यानं मनात येतं का?

जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोल आणि आजूबाजूच्या गावांतून गेल्या काही आठवड्यांत एकाच विषयावर पत्रं आली. विषय आहे तरुण मुलामुलींच्या आत्महत्येच्या प्रयत्नांचा. कुणाचंही नाव छापलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : मी एरंडोलला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. बारावीतला एक मुलगा महिनाभर गप्प गप्प असतो. त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर ‘आता पुरे झालं’ अशा अर्थाचं काहीबाही लिहिलेलं दिसलं. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, ‘मॅडम, विषय काढू नका. नसेल तर उगाच त्याच्या डोक्यात भराल.’ विचारल्यानं खरंच मनात येतं का?

उत्तर : नाही. या समजुतीची संशोधकांनी पुष्कळदा तपासणी केली आहे. थेट विचारलेल्यांमध्ये असे विचार वाढल्याचं आढळलं नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून अनेकांचा ताण हलका झाला.

शाळेतला एक मोठा प्रयोग तर तुमच्याच प्रश्नाचं उत्तर देतो. युरोपातल्या १० देशांतल्या १६८ शाळांमध्ये ११ हजारांहून अधिक मुलांचे चार गट केले. एका गटात फक्त शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. दुसऱ्यात मुलांची चाचणी घेऊन गरज असेल त्यांना तज्ज्ञांकडे पाठवलं. तिसऱ्यात मुलांशीच मन, ताण आणि आत्महत्येचे विचार यांवर मोकळेपणानं बोललं गेलं, नाटुकली करून घेतली. चौथ्यात वर्गात नुसती पोस्टर लावली. निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पोस्टरच्या गटाशी तुलना करता, ज्या मुलांशी थेट बोललं गेलं त्यांच्यात वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न निम्म्यावर आले होते. फक्त शिक्षकांना शिकवून सोडलेल्या गटात तसा ठोस फरक पडला नाही. म्हणजे विषय काढल्यानं मुलं बिघडली नाहीत, वाचली.

मात्र कसं विचारता यावर बरंच अवलंबून आहे. ‘असलं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. मुलगा ‘नाही मॅडम’ म्हणून सुटका करून घेतो. वर्गासमोर नको, स्टाफरूममध्येही नको. बाजूला घ्या आणि सरळ म्हणा, ‘तुझ्या वहीतलं वाचलं. मला काळजी वाटतेय. जीव द्यावा असं मनात येतं का?’ मग गप्प बसा. त्याला वेळ लागेल. ‘एवढ्याशा गोष्टीवरून?’, ‘आईबापाचा तरी विचार कर’, ‘आमच्या वेळी तर…’ ही वाक्यं गिळून टाका. तो ‘हो’ म्हणाला तर आणखी विचारा : किती दिवसांपासून, रोज येतं का, कसं करायचं ते ठरवलंय का, आज काय वाटतंय? मनात बेत ठरलेला असेल तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी घरच्या जबाबदार माणसाला बोलावून डॉक्टरपर्यंत पोचवा. ‘नाही’ म्हणाला तरी सांगून ठेवा, की मी चार दिवसांनी पुन्हा विचारणार आहे. आणि खरंच विचारा.

प्रश्न : आमच्याकडे शेतकरी आत्महत्यांची चर्चा बारा महिने असते. पण तरणी पोरं का जातात? कुणी मार्क म्हणतं, कुणी मोबाईल, कुणी प्रेमप्रकरण. नेमकं कारण कोणतं? (निवृत्त ग्रामसेवक, कासोदा)

उत्तर : आधी आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. सर्वांत जास्त, २२,७४६, महाराष्ट्रात. देशातल्या एकूण संख्येत शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० होते आणि विद्यार्थी १३,०४४. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे आकडे चक्रावून टाकतात. अर्थात दोन्ही दुःखं पुष्कळदा एकाच घरात नांदतात. भाव पडला की कॉलेजची फी थकते, बहिणीचं लग्न पुढं जातं, बापाचं पिणं वाढतं आणि घरातला अठरा वर्षांचा मुलगा हे सगळं बघत असतो.

कारणांच्या रकान्यात परीक्षेतलं अपयश आहे १.२ टक्के, प्रेमसंबंध ४.५ टक्के, आजारपण १८.४ टक्के आणि कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के. हे सगळ्या वयांचे आकडे आहेत, त्यामुळं विद्यार्थ्यांमध्ये परीक्षेचा वाटा यापेक्षा मोठा असणार. तरीही एक गोष्ट त्यातून दिसते. पोलिसांच्या कागदावर एकच कारण लिहायचं असतं, म्हणून एकच लिहिलं जातं. प्रत्यक्षात तीन थर असतात.

सगळ्यांत खालचा थर जुना असतो. आधी कधी केलेला प्रयत्न (हा सर्वांत मोठा धोका), उपचार न झालेलं नैराश्य, घरातली मारहाण, लहानपणी झालेला अत्याचार, दारू किंवा इतर व्यसन, कुटुंबात पूर्वी कुणी असं गेलेलं असणं. त्यावर ताजा घाव बसतो. निकाल, मोडलेलं नातं, चारचौघांत झालेला अपमान, फोटो व्हायरल करण्याची धमकी. आणि तिसरा थर म्हणजे त्या घटकेला घातक वस्तू हाताशी असणं. ‘मोबाईल काढून घेतला म्हणून’ अशी बातमी येते तेव्हा आपल्याला फक्त मधला थर दाखवलेला असतो.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात आत्महत्येनं गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४० टक्के १५ ते २९ वयाचे होते, स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ५६ टक्के होतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. अर्ध्यावर सुटलेलं शिक्षण, अनोळखी घर, मारहाण आणि ‘आता माहेरी परत यायचं नाही’ ही अट हे सगळं एकत्र आलं की मुलीला कुठलीच वाट दिसत नाही. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीनं माहेरचं दार बंद ठेवलेलं असेल, तर ते उघडणं हासुद्धा प्रतिबंधच आहे.

परीक्षेबद्दल घरात एक काम निकालाच्या आधी करता येतं. दहावीत एकदोन विषय राहिले तर एटीकेटीनं अकरावीला प्रवेश मिळतो आणि मंडळाची पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, हे मुलाला आधीच शांतपणे सांगून ठेवा. निकाल हातात आल्यावर ते कानात शिरत नाही.

प्रश्न : मैत्रिणीनं मला रात्री मेसेज केला की तिला जगायचं नाही. ‘कुणाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील’ अशी शपथ घातली. आता मी काय करू? (एफवाय बीएस्सी, एरंडोल)

उत्तर : शपथ मोड. ही एकच शपथ मोडण्यासाठी असते. तिनं तुला सांगितलं याचाच अर्थ तिच्या मनाचा एक भाग अजून मदत मागतोय. स्वतःच्या जिवावर उठलेली माणसं बहुधा दोन्ही बाजूंनी ओढली जात असतात. त्यांना त्रास थांबायला हवा असतो, मरण हवंच असतं असं नाही.

तिच्याशी खोटं बोलू नकोस. ‘मी हे गुपित ठेवू शकत नाही, पण तुला न विचारता गावभरही करणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघी ठरवू,’ असं म्हण. तिची आई, मावशी, मोठी वहिनी, कॉलेजमधल्या एखाद्या मॅडम, जिच्यावर तिचा विश्वास असेल ती. घरातच तिला मार बसत असेल तर घराबाहेरचं माणूस निवड. तिच्यासोबत बसून १४४१६ हा ‘टेली मानस’ हेल्पलाइनचा नंबर लाव. ती लावायला तयार नसेल तर तू स्वतः लाव आणि काय करू ते विचार. काळजी करणाऱ्यांनाही तिथं सल्ला मिळतो. मेसेजवर ‘बाय’, ‘माफ कर’ असं काही आलं, ती फोन उचलत नसेल, तर सकाळची वाट बघू नकोस. तिच्या घरच्यांना उठव किंवा ११२ ला फोन कर.

आणि हे तुझ्या एकटीवर नाही. तुला एक कडी जोडायची आहे. पुढचं मोठ्यांचं आणि डॉक्टरांचं काम.

प्रश्न : आम्ही कपाशीवाले. फवारणीची औषधं घरातच असतात. ‘ज्याला करायचंच तो काहीही करेल, कुलूप लावून काय होणार?’ असं आमचे तात्या म्हणतात. त्यांचं बरोबर का? (शेतकरी, धरणगाव तालुका)

उत्तर : तात्यांचं म्हणणं बहुतेकांना पटतं, पण ते चूक आहे. तरुणांमध्ये विचार आणि कृती यांमधला वेळ कित्येकदा तासाभरापेक्षाही कमी असतो, काही वेळा मिनिटांचा. फरशी पुलावरून अंजनी नदीचं पाणी वाहत असताना शहाणा माणूस अलीकडं थांबतो आणि पूर ओसरला की त्याच वाटेनं घरी जातो. इथंही तसंच आहे. तेवढा वेळ निघाला तर माणूस बहुधा वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी दहातले नऊ पुढंही आत्महत्येनं जात नाहीत.

श्रीलंकेनं हे देशपातळीवर दाखवून दिलं. तिथं १९९५ मध्ये लाखामागे सुमारे ५७ आत्महत्या होत होत्या. सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि २०१५ पर्यंत हा दर १७ च्या आसपास उतरला. लोकांनी दुसरे मार्ग शोधून आकडा पुन्हा वर नेला असं झालं नाही. शेतीचं उत्पादनही बंदीमुळं कोसळलं नाही.

आता कुलपाबद्दल. श्रीलंकेतच १८० गावांमध्ये, ५० हजारांहून अधिक घरांशी निगडित अशी एक चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्या गावांत शेतकऱ्यांना औषधं ठेवायला कुलूपबंद पेट्या दिल्या. २०१७ मध्ये निकाल आला, की त्यानं प्रयत्न कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. घरातल्या पेटीची किल्ली घरातच असते आणि ती कुठं असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, हे कुठल्याही घरात बघता येतं. म्हणून पेटीवर विसंबू नका. औषध घरात येणारच नाही असं बघा. तमिळनाडूत चेन्नईच्या ‘स्नेहा’ संस्थेनं गावाचं सामाईक साठवणघर करून पाहिलं. ज्याचा त्याचा कप्पा, ज्याचं त्याचं कुलूप, पण जागा घराबाहेर आणि देखरेखीखाली. आपल्याकडं विकास सोसायटी, शेतकरी गट किंवा कृषी केंद्रवाला हे करू शकतो. तोवर तुमच्या हातात एवढं आहे : लागेल तेवढंच त्या दिवशी आणणं, उरलेलं घरी न ठेवणं, रिकाम्या बाटल्या मागं न ठेवणं. घरात कुणी खचलेलं असेल तर आजोबांच्या गोळ्यांची डबीही एका मोठ्या माणसाच्या ताब्यात हवी.

दुर्दैवानं कुणी प्रयत्न केलाच, तर वरून कितीही बरं दिसत असलं तरी थांबू नका. काही औषधांचा परिणाम उशिरा दिसतो. घरगुती उपाय करू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली किंवा पाकीट डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

प्रश्न : आत्महत्येच्या प्रयत्नानंतर भाचीला दवाखान्यातून घरी आणून आठ दिवस झाले. सगळे म्हणतात, विषय काढू नका, यंदाच लग्न लावून टाका. पोलीसही दवाखान्यात येऊन गेले. तिच्यावर केस होईल का? (मामा, पारोळा)

उत्तर : आधी पोलिसांचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलमही नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं २२६ हे कलम आहे. पोलीस आले ते नोंद घ्यायला. दवाखान्याला अशी घटना कळवावी लागते. मात्र पोलीस यायच्या आधी उपचार करणार नाही, असं कोणताही दवाखाना म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच ते स्पष्ट केलं आहे.

आता मुख्य गोष्ट. प्रयत्नानंतरचे पहिले काही महिने सर्वांत जोखमीचे असतात आणि नेमके तेव्हाच सगळे विषय टाळतात. जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसह ब्राझील, श्रीलंका, इराण आणि चीनमधल्या एकेका ठिकाणी १,८६७ जणांवर एक साधा प्रयोग केला. हे सगळे प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेले. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांशी त्याशिवाय घरी जाण्यापूर्वी तासभर बोललं गेलं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन करून किंवा भेटून ‘कशी आहेस?’ असं विचारलं गेलं. नेहमीच्या उपचारांच्या गटात १८ जण आत्महत्येनं गेले, विचारपूस झालेल्या गटात दोन.

त्या नऊ भेटींचं वेळापत्रक तुम्ही कॅलेंडरवर टाकू शकता : पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. त्या प्रयोगात हे काम प्रशिक्षित माणसांनी केलं होतं. मामाच्या फोननं त्याची बरोबरी होईल असं मी म्हणणार नाही, पण मामाचा फोन हा तुमच्या हातातला भाग आहे. सोबत मानसोपचारतज्ज्ञांकडची पुढची तारीख चुकवू नका. गोळ्या सुरू असतील तर बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नका.

तिच्याबरोबर बसून एका कागदावर लिहून ठेवा : मन बिघडायला लागलं की ते कसं कळतं, तेव्हा एकटीनं काय करायचं, कुणाकडं जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा, कोणते डॉक्टर, घरातल्या कुठल्या गोष्टी दूर ठेवायच्या. हा कागद तिच्या मोबाईलमध्ये फोटो काढून असू द्या.

लग्नाबद्दल स्पष्टच सांगतो. लग्न हा उपचार नाही. ज्या ताणातून ती गेली त्यावर नव्या घराचा ताण चढवाल आणि तिला ओळखणारी, तिच्यावर लक्ष ठेवणारी माणसं मात्र दूर जातील. ती सावरल्यावर, तिला हवं असेल तेव्हा बघा. तोवर कॉलेज, शिवणकाम, शेत, जे तिचं होतं ते हळूहळू सुरू होऊ द्या.

प्रश्न : आमच्या मोहल्ल्यात आत्महत्येला गुनाह मानतात, म्हणून घरात कुणी शब्द काढत नाही. धर्मामुळं मुलं वाचतात की आणखी एकटी पडतात? (तरुण, एरंडोल)

उत्तर : दोन्ही होतं. श्रद्धा आणि जमात यांच्याशी घट्ट नातं असलेल्या लोकांमध्ये प्रयत्नांचं प्रमाण कमी असतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसतं. नमाजेला रोज भेटणारी माणसं, सणाला भरणारं घर, रोजच्या दिवसाला मिळालेलं वळण यांचा आधार असतो. पण त्याच घरात ‘असा विचार येणंच पाप’ असं ठरलं की मुलगा कुणाला सांगत नाही, आणि घटना घडली तरी ‘चुकून झालं’ म्हणून लपवली जाते. मग उपचारही होत नाहीत. हिंदू घरांतही ‘घराण्याला बट्टा’ म्हणत हेच चालतं.

अरब देशांतल्या तरुणांपुढंही हीच अडचण आहे. तिथं लाज आणि काही देशांत कायद्याची भीती यामुळं कित्येक प्रयत्न नोंदलेच जात नाहीत. लेबनॉनमध्ये २०१७ साली ‘एम्ब्रेस’ या संस्थेनं तिथल्या आरोग्य मंत्रालयासोबत १५६४ ही हेल्पलाइन सुरू केली. कृती निषिद्ध मानणं आणि त्रासलेल्या माणसाला जवळ घेणं यांत विरोध नाही. तुमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनी एकदा एवढंच सांगितलं, की असे विचार येणारा माणूस आजारी असू शकतो, त्याला डॉक्टरकडं नेणं हे सवाबाचं, पुण्याचं काम आहे, तर बरीच दारं उघडतील.

प्रश्न : हे सगळं ठीक, पण एरंडोलसारख्या ठिकाणी जायचं कुठं? मानसोपचारतज्ज्ञ तर शहरात. (अनेक वाचक)

उत्तर : फोनपासून सुरुवात करा. ‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, किंवा १८००-८९-१४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं आणि गरज पडली तर जवळच्या रुग्णालयाकडं पाठवलं जातं. अठरा वर्षांखालच्यांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. तिथं मुलगा ‘पिंपल्स दाखवायला आलो’ म्हणून आला तरी चालतं, समुपदेशक पुढचं ओळखतात. आशाताईंना विचारलं तर वार कळेल. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एरंडोलपासून तीसेक किलोमीटरवर, तर धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालय साठेक किलोमीटरवर आहे. दोन्हीकडं मानसोपचार विभाग आहे.

गावानं स्वतः करण्यासारखंही पुष्कळ आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रानं ‘आत्मीयता’ हा उपक्रम आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात पेठ भागात सुरू केला. गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला आणि वेळेवर पुढं पाठवायला शिकवलं. पुढं गुजरातेतल्या मेहसाणा जिल्ह्यात त्याच केंद्रानं शाळेतला संवाद, गावातल्या कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण आणि औषधांचं सामाईक साठवणघर ही तिन्ही कामं एकत्र आणली. एरंडोलला यातलं अशक्य काही नाही.

महाविद्यालयांना तर आता पर्यायच उरलेला नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि हेल्पलाइनचे नंबर ठळकपणे लावलेले हवेत. क्लासवाल्यांनाही मार्कांवरून मुलांच्या तुकड्या पाडायला मनाई आहे. तुमच्या कॉलेजात समुपदेशक नेमलाय का, हे प्राचार्यांना लेखी विचारा. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या.